अंकलीचा पूल ओलांडल्यावर

मैफल कोल्हापूरला असो, इचलकरंजीला असो की निपाणीला, परतीच्या वाटेवर कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडेपर्यंत गाण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा मगदूमांच्या घरचा नियम होता. नियम डॉक्टरांनी घातलेला. "मैफल संपली तरी तुझ्या डोक्यात गाणं चालूच असतं," लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ते त्रिशलाला म्हणाले होते. "तेव्हा काही सांगितलं की तू उगाच भांडतेस. नदी ओलांडू दे, मग सांगतो."

पूल मागे पडला, मिरजेकडचे उसाचे मळे सुरू झाले, की डॉ. सन्मती मगदूम निकाल देत. निकाल दोनच शब्दांचा. "आज जमलं." किंवा "आज नाही."

या दोन शब्दांवर त्रिशलाने आपलं अख्खं गाणं उभं केलं होतं. वर्तमानपत्रं काय लिहितात, श्रोते किती टाळ्या वाजवतात, याचं तिला फारसं काही नव्हतं. टाळ्यांनी सभागृह दणाणलेलं असताना डॉक्टर "आज नाही" म्हणत, आणि मनातल्या मनात तिलाही तेच वाटलेलं असे. मिरजेतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांतही डॉक्टरांचा मोठा दबदबा होता. पहिल्या रांगेत बसत, कधी चुकूनही "वा" म्हणत नसत, डोळ्यांची पापणी न लववता ऐकत. गाडीत कधी गाणी लावत नसत. "घरात अस्सल आहे, डब्यातलं कशाला?" असं ते म्हणत, आणि त्रिशला ही गोष्ट लोकांना कौतुकाने सांगे. नवे तबलजी तर मैफलीत समेवर आले की आधी डॉक्टरांच्या मानेकडे बघत.

त्या संध्याकाळी ते इचलकरंजीहून परतत होते. गाड्या आता आपल्या आपण चालत, तरी डॉक्टर सवयीने स्टिअरिंगवर हात ठेवून बसत. पूल ओलांडला.

"आज नाही," ते म्हणाले.

त्रिशला खिडकीबाहेर बघत राहिली. लागोपाठ तिसऱ्या मैफलीला हाच निकाल होता.

"पूर्वी 'नाही' म्हणालात की पुढच्या वेळी 'जमलं' असायचं."

"हो."

"आता तसं होईना झालंय."

"तुला त्रास होतोय त्रिशला. मला दिसतंय की."

त्यांनी मायेने म्हटलं होतं, पण तिला ती दया वाटली. खूप वर्षांपूर्वीचं तिला आठवलं. तिच्या गुरू, चंपाअक्का, आवाज गेल्यावरही गात राहिल्या होत्या. पहिल्या रांगेतली माणसं रुमालात तोंड लपवून हसत होती आणि अक्का डोळे मिटून वरचा षड्ज शोधत होत्या. त्या दिवशी घरी येऊन त्रिशला डॉक्टरांसमोर रडली होती. "माझं असं होऊ देऊ नका. मला स्वतःचं कळणार नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी मी थांबेन. शब्द द्या." डॉक्टरांनी शब्द दिला होता.

"पुढच्या महिन्यात अक्कांचा स्मृतिदिन आहे," ती आता म्हणाली. "कोल्हापूरला, सकाळची मैफल. तिथं गाईन, आणि तिथंच सांगून टाकीन. हे शेवटचं म्हणून."

डॉक्टरांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून तिच्या हातावर ठेवला.

*

मुबीना सतारमेकर त्रिशलाकडे शाळेत असल्यापासून गाणं शिकायची. तिचे अब्बा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरे करत. मुबीना मात्र मेंदूच्या अभ्यासाकडे वळली, आणि आता शहराबाहेरच्या श्रवणविज्ञान केंद्रात तिची स्वतःची प्रयोगशाळा होती. तिथल्या यंत्राचं कागदोपत्री नाव 'श्रुतिबिंब' असं भारदस्त होतं. तिथं सगळे त्याला टोपी म्हणत, कारण ते दिसायला थंडीतल्या कानटोपीसारखंच होतं, फक्त आतून छोट्या छोट्या बटणांनी भरलेलं.

"ताई, ऐकणं म्हणजे नुसतं आत घेणं नसतं," चहाचे कप पुढे करत मुबीना सांगत होती. "कानातून आत जातो तो नुसता कच्चा माल. मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो, की आता पुढे अमुक येणार. जे येतं आणि जे येईल असं वाटलं होतं, त्यांच्यातला फरक आपल्याला जाणवतो. गोड वाटतं ते त्यातूनच, खटकतं तेही त्यातूनच. हे अंदाज ज्याच्या त्याच्या आयुष्यातून तयार होतात. म्हणून एकाच तानपुऱ्याखाली बसलेली दोन माणसं दोन वेगवेगळी गाणी ऐकत असतात."

"आणि टोपी काय करते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काका, आधी ती मोजते. आपण हजारो बारीक आवाज ऐकवतो, आणि प्रत्येक आवाजाला तुमचा मेंदू कसा उत्तर देतो याचा नकाशा काढतो. मग दुसऱ्याचा तसाच नकाशा काढतो. आणि मग एकाच्या डोक्यावर टोपी घालून, अगदी हलक्या लहरींनी, त्याच्या मेंदूला दुसऱ्याच्या नकाशाप्रमाणे उत्तर द्यायला लावतो. टोपी आहे तोवर तुम्ही दुसऱ्याच्या कानांनी ऐकता. काढली की आपलं आपण."

"आमची निवड कशाला?"

"कारण मला एकमेकांशी अगदी जुळणारी जोडी हवीय. गाणारी आणि तिला आयुष्यभर ऐकणारा. माझा अंदाज आहे, तुमचे नकाशे जवळजवळ एकावर एक बसतील. असं आजवर कुणी दाखवलेलं नाही."

"म्हणजे आम्ही तुझ्या उंदरांच्या पिंजऱ्यातले," त्रिशला म्हणाली, पण ती खूश होती. गाणं थांबवण्याआधी काहीतरी मागे राहील, असं तिला वाटलं.

आठवडाभर दोघं जाऊन येऊन होती. डॉक्टर गोठ्यावरून तसेच येत. म्हशींच्या गळ्यातल्या पट्ट्या आता ताप नि नाडी थेट डेअरीला कळवायच्या, तरी अवघडलेली म्हैस असली की लोक मगदूम डॉक्टरांनाच बोलवायचे. टोपी घालून ते शांत बसून राहत. मुबीनाचा चेहरा मात्र दिवसेंदिवस ओढल्यासारखा होत गेला. शेवटी तिने दोघांना एकत्र बसवलं.

"आधी वाटलं टोपीत बिघाड आहे. सगळं पुन्हा केलं. दुसऱ्या टोपीवर केलं."

"सरळ सांग की," डॉक्टर म्हणाले. "मी काय रडणार आहे होय?"

मुबीनाने दोन सूर वाजवले. "यातला वरचा कुठला?"

डॉक्टरांनी विचार केला. "पहिला. जरा जाडा होता."

त्रिशला हसली. मग तिच्या लक्षात आलं, की ते चेष्टा करत नव्हते. पहिला सूर मंद्रातला होता, दुसरा त्याच्या कितीतरी वर. पहिल्याच दिवशी शिकवणीला आलेल्या चिमुरड्यांनाही तो फरक सांगता आला असता.

"काका, हे जन्मजात असतं. शंभरात दोघा-तिघांना असतं. रंगांधळेपणासारखं, पण सुरांचं. कान उत्तम असतो. बोलणं, गाडीचा आवाज, सगळं व्यवस्थित ऐकू येतं. फक्त सुराचा चढ-उतार मेंदूच्या ज्या वाटेने पुढे जायचा, ती वाटच बारीक असते. अशा कित्येकांना गाणं म्हणजे नुसता खडखडाट वाटतो."

डॉक्टरांनी मनापासून, लहान मुलाच्या उत्सुकतेने विचारलं, "म्हणजे बाकीच्यांना तसं वाटत नाही?"

मुबीनाने नकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं सगळ्यांना असंच ऐकू येतं," ते म्हणाले. "शाळेत प्रार्थनेला गुरुजी म्हणायचे, मगदूम, तू नुसते ओठ हलव. मला वाटलं माझा आवाज वाईट आहे. सूर, सूर म्हणतात ते... मला वाटायचं ती बोलायची रीत आहे. आपण नाही का म्हणत, घर भरल्यासारखं वाटतं. घर काय खरंच भरतं?"

*

"मला ऐकव," त्रिशला म्हणाली. "यांच्या कानांनी."

मुबीनाने त्रिशलाच्याच एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण निवडलं. तोडीचा विलंबित ख्याल. डॉक्टरांनी त्या दुपारी पुलानंतर "आज जमलं" म्हटलेलं तिला स्पष्ट आठवत होतं. टोपी डोक्यावर बसली. तानपुरा सुरू झाला.

तानपुरा नव्हता तो. पिठाची गिरणी होती. मग त्या घरघरीत कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडून दिली. एक पातेलं, मग एक डबा, मग झाकणांचा ढीग. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. त्यात कुठेही धागा नव्हता. अधूनमधून एखादा शब्द ओळखू यायचा, तेवढ्यावरून तिला कळलं की हा तिचा आवाज आहे.

तिने टोपी उपटून काढली.

घरी येऊन दार लावल्यावर तिला आवरलं नाही.

"तुम्ही माझं गाणं थांबवायला निघाला होतात! आणि तुम्हाला गाणं ऐकूच येत नाही!"

"मी कुठं थांबवलं?"

"'आज नाही', 'आज नाही', 'आज नाही'! कशावरून? भांडी कमी पडली म्हणून?"

"त्रिशला..."

"ती बागेश्रीची बंदिश मी सोडून दिली, तुम्ही लागोपाठ 'नाही' म्हणालात म्हणून. लोकांना मी सांगत फिरले, आमच्या डॉक्टरांचा कान म्हणजे कान. तबलजी तुमच्या मानेकडे बघायचे हो! मान कशाला हलवत होतात?"

"तू समेवर येताना जरा पुढे वाकतेस. मला बरं वाटायचं, मी मान हलवायचो."

हे उत्तर इतकं सरळ होतं, की तिला पुढे भांडता येईना. ती मटकन खुर्चीत बसली. डाव्या खुब्यातून सणक आली तशी तिने नकळत मांडी दाबून धरली.

डॉक्टर दारातच उभे होते. "मी खोटं कधीच बोललो नाही," ते हळूच म्हणाले. "तू गायचीस, मी बघायचो. बघून जे कळायचं ते पुलानंतर सांगायचो. मला वाटलं, ऐकणं म्हणजे हेच."

लग्नाआधी ते तिला पहिल्यांदा भेटायला आले, तेव्हाचं तिला आठवलं. मोठ्यांनी विचारलं होतं, मुलीचं गाणं ऐकणार का? आणि हा तरुण गुरांचा डॉक्टर म्हणाला होता, "तिला गाताना बघायचंय." सगळे हसले होते.

तरी रात्रभर तिच्या मनात एकच येत राहिलं. स्मृतिदिन तोंडावर आला होता. थांबायचं की नाही? ज्या शब्दावर ती थांबणार होती, तो शब्द आता कुठं टेकवायचा?

*

मुबीनाने दोघांना पुन्हा बोलावलं. "उलटं करून बघू. आता काका ताईंच्या कानांनी ऐकतील."

तेच ध्वनिमुद्रण. तीच तोडी. डॉक्टरांनी टोपी घातली नि डोळे विस्फारून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. त्रिशला त्यांच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच त्यांना ऐकताना पाहिलं. त्यांचा खालचा ओठ थरथरला. एकदा ते हसले. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी पडली, खांदे वर चढले, आणि त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली.

"फार सुंदर आहे," टोपी काढून ते म्हणाले. "फार. मला शब्द नाहीत. एवढं असतं होय त्यात!" ते थांबले. "पण मुबीना, ते दुसरं काय आहे?"

"दुसरं कुठलं, काका?"

"प्रत्येक सूर आला की पाठोपाठ एक टोचणी येते. बारीक. 'थोडा खालीच राहिला', 'घाईत सोडला', असं. चांगला आला तरी 'पुढचा चुकेल' असं. अख्खा वेळ. तोंडाला कापड बांधून ऑपरेशन करताना हात थरथरू नये म्हणून मी जसा उभा असतो ना, तसं वाटत होतं." ते त्रिशलाकडे वळले. "तू इतकी वर्षं असं ऐकत होतीस?"

टोचणी? ती त्रिशलाला कधी वेगळी जाणवलीच नव्हती. तिच्यासाठी गाणं म्हणजे तेच होतं.

मुबीनाने पडद्यावरचा नकाशा पुढे सरकवला. "बरोबर बोलताय, काका. तयार कान म्हणजे काय, तर चुकलेला अंदाज चटकन पकडणारा कान. ताईंचा इतका तयार आहे, की आता तो गोडव्याआधी चूक ऐकतो. आणि स्वतःच्या आवाजाला तर जास्तच."

"मग मला बागेश्रीची बंदिश खरंच वाईट येत होती का, ते कोण सांगणार?" त्रिशला कसनुसं हसून म्हणाली.

"तो प्रश्न माझ्या यंत्राचा नाही, ताई. पण तुम्ही परवा काकांचे कान अर्ध्यावरच काढून टाकलेत. प्रयोग पुरा करू या. गाणं नको हवं तर. साधे आवाज ऐका."

त्रिशलाने नाखुशीनेच टोपी घातली. मुबीनाने प्रेशर कुकरची शिट्टी लावली, चप्पल ओढत चालणारं कुणीतरी, मग एका म्हशीचं श्वास घेणं.

आणि त्रिशला ताठ बसली.

तिच्या स्वतःच्या कानांना म्हैस म्हणजे फुसफुस नि फुरफुर. हे निराळंच होतं. श्वास आत जाताना कुठं अडतो, बरगड्यांपाशी किती खोल पोचतो, बाहेर पडताना मधेच एक बारीक कंप कसा येतो, हे सगळं लख्ख, थराथरांनी उलगडत होतं. पाय बदलून उभं राहण्याआधी ती म्हैस श्वास रोखून धरत होती. डाव्या मागच्या पायात दुखतंय तिच्या, असं त्रिशलाला कळलं. कुणी न सांगता कळलं.

"हिचा पाय दुखतोय," ती म्हणाली.

"डावा," डॉक्टर म्हणाले. "बेडगच्या पाटलांची म्हैस. खुरात काटा होता."

त्रिशला म्हणाली, "इचलकरंजीचं लाव. माझं. मागच्या महिन्यातलं."

पुन्हा गिरणी. पुन्हा जिन्यावरून भांडी. पण या वेळी ती भांड्यांच्या मागे गेली. भांडी थांबत, त्या जागी काहीतरी होतं. श्वास. तिचा स्वतःचा. त्या साऱ्या खडखडाटात फक्त तोच जिवंत, ओला, ओळखीचा होता, आणि तो ऐकायला हे कान जणू जन्मभर टवकारून बसले होते. ती ऐकत गेली. सुरुवातीला श्वास मोकळा होता. अर्ध्या तासानंतर तो वरच्या वर तुटू लागला. तान घेण्याआधी तो म्हशीसारखाच अडत होता, एका बाजूला कलून, काहीतरी चुकवत.

तिचा हात आपोआप डाव्या खुब्यावर गेला. वर्षभर तो दुखत होता. मांडी घालून बसलं की अर्ध्या तासात आग व्हायची. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. अक्का सत्तरीतही तीन-तीन तास मांडी घालून बसत, आणि खुर्चीवर बसून गाणाऱ्यांना "पाहुणे आलेत" म्हणून हसत. खुर्ची मागणं म्हणजे अक्कांसमोर हरणं, असं तिला वाटे.

"तुम्हाला 'नाही' म्हणजे हे म्हणायचं होतं?" तिने टोपी काढून विचारलं. "माझा आवाज गेलाय असं नाही?"

"आवाजाचं मला काय कळतंय?" डॉक्टर म्हणाले. "तुला दुखत होतं. तू तिथं नव्हतीस, दुखण्यात होतीस. तुला त्रास होतोय, असं मी सांगितलं की तुला."

"मग औषध नाही द्यायचं?"

"म्हशी तरी पाय पुढे करतात. तू विचारलंस की 'काही नाही' म्हणतेस."

मुबीना खो-खो हसली. त्रिशलाने रागाने तिच्याकडे बघितलं, आणि मग तिलाही हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. बागेश्रीची ती बंदिश! त्या पावसाळ्यात तिला दम्याने बेजार केलं होतं. तेही 'नाही' खरं होतं. सगळीच खरी होती. फक्त ते निकाल आपल्या गाण्याबद्दल आहेत असं ती धरून चालली होती, आणि ते होते तिच्याबद्दल.

निघताना मुबीनाने एक गोष्ट सांगितली. रोज थोडा वेळ टोपी घातली तर वर्षभरात काकांच्या मेंदूत सुरांची नवी वाट कायमची तयार होऊ शकेल. "पण मेंदूत मोकळी जागा नसते. नवी वाट रुंद झाली की शेजारची बारीक होते. श्वासाची ही जी जाण आहे, ती थोडी बोथट होईल."

त्रिशला नवऱ्याकडे बघून म्हणाली, "घ्या. मनात दुसरं काही आणू नका. तुम्ही ऐकलंत तेव्हा तुमचा चेहरा मी बघितलाय."

डॉक्टरांना मोह झाला होता, हे दिसत होतं.

"दिवाळीला घालू की," शेवटी ते म्हणाले. "सणावाराला. गोडधोड रोज खाल्लं तर मला इकडे गोठ्यात कुणी उभं करणार नाही." मग जरा थांबून, "आणि घरी तुला कोण बघणार?"

*

मुबीनाच्या अब्बांनी तानपुऱ्याच्या उरलेल्या लाकडातून एक बुटकी बैठक करून दिली. पाय मोकळे सोडता येतील, पण लांबून बघणाऱ्याला गायिका खुर्चीवर चढून बसलीय असं वाटू नये, इतपत उंचीची. पॉलिश करतानाही त्यांनी त्रिशलाला दोनदा बोलावून बसवून बघितलं. "तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकायला गादी लागते," ते म्हणाले, "गाणाऱ्याला का नको?"

कोल्हापूरला स्मृतिदिनाच्या सकाळी अक्कांच्या फोटोला हार घालून त्रिशला त्या बैठकीवर बसली, तेव्हा पहिल्या रांगेत कुजबुज झालीच. अक्कांच्या एका जुन्या शिष्येने भुवया उंचावल्या. त्रिशलाने फोटोकडे पाहिलं. पाहुणे आलेत, अक्का, असं मनात म्हणाली, आणि तानपुऱ्यावर सूर लावला.

टोचणी आलीच. पहिल्याच षड्जाला आली. पण आता तिला ती वेगळी ओळखू येत होती, दारात उभ्या असलेल्या कुणासारखी. तिने तिला तिथंच उभं राहू दिलं. तानेआधी तिने श्वास घेतला, पूर्ण, ऐकू येईल असा. आजवर ती तो लपवत आली होती. गाणाऱ्याचा श्वास श्रोत्यांना ऐकू जाऊ नये, असं तिला शिकवलेलं होतं. आज तिने तो मोकळा सोडला. पहिल्या रांगेत एक माणूस बसलाय, त्याच्यासाठी तरी.

मैफल संपल्यावर संयोजक माईक घेऊन पुढे आले. "त्रिशलाताईंना काही सांगायचं होतं, असं कळलं होतं."

"हो," ती म्हणाली. "ही बैठक फार छान झालीय. सतारमेकरांनी केलीय. ज्यांचे गुडघे, खुबे दुखतात त्यांनी मिरजेला या."

लोक हसले. एवढंच सांगून ती उठली.

परतताना ऊन चढलं होतं. जयसिंगपूर मागे पडलं, नदी दिसू लागली. गाडी पुलावर चढली तशी त्रिशलाला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडला.

"आज जमलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "असं?"

"का? तुम्हाला तसं दिसलं नाही?"

"मी बघितलंच नाही," ते म्हणाले. "डोळे मिटून बसलो होतो."

ती चकित झाली. "अख्खा वेळ?"

"अख्खा वेळ. म्हटलं, लोक ऐकतात तसं आपणही ऐकून बघू. बिनटोपीचं."

पूल संपत आला होता. खाली कृष्णेचं पाणी संथ होतं.

"मग? काय ऐकू आलं?"

"भांडीच," डॉक्टर म्हणाले. ती हसू लागली, तसा त्यांनी हात वर केला. "ऐक की पुढे. सकाळी मला अजून नीट जाग आलेली नसते, आणि स्वयंपाकघरात तू भांडी काढत असतेस ना. तशी. मधेमधे तुझा श्वास. मी पडून ऐकतो. उठत नाही लगेच." त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. "घरात तू आहेस, एवढं कळतं. तसं वाटलं आज. दोन तास."

उसाचे मळे सुरू झाले. निकाल देण्याची वेळ झाली होती, पण दोघांतलं कुणीच काही बोललं नाही.